सुटी अक्षरं

तिने माऊसने चित्र पकडलं आणि हळूच उजवीकडे ओढलं. पडद्यावरचा जिना सरकला. त्याच्याखाली लिहिलेले ‘बाहेरून पाहताना’ हे दोन शब्द मात्र होते तिथेच राहिले.

तिने पुन्हा एकदा ओढून पाहिलं. अक्षरं हलली नाहीत.

खाली कारखान्याच्या आवारात परत आणलेला खराखुरा जिना आडवा पडला होता. दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लावायचा, आग लागली तर रोग्यांना उतरता यावं म्हणून केलेला लोखंडी जिना. काल क्रेनने उचलून भिंतीशी नेला, तर दाराकडे वळायच्या ऐवजी खिडकीकडे वळला. आरशात दिसावा तसा सगळा उलटा. सव्वीस वर्षं जोडकाम करणारे मिस्त्री चारचौघांत मान खाली घालून उभे राहिले.

“कागदावर होतं तेच केलं,” एवढंच ते म्हणाले.

“कागद वाचता यायला हवा, मिस्त्री. डोळे साथ देत नसतील तर सोमवारपासून घरी बसा,” साहेब म्हणाले.

लग्नाआधी चार वर्षं तिने हाताने, शाईने ड्रॉइंग काढली होती. मुलं हाताशी आल्यावर ती परत कामाला लागली, तेव्हा टेबलं जाऊन संगणक आले होते. तीन वर्षांत ती धडपडत ते शिकली. शाईने लिहिलेलं अक्षर कधी चित्राला सोडून जात नसे. इथे आधी चित्र निवडायचं आणि मग शब्द टाइप करायचा, तरच तो त्या चित्राचा होतो. नाहीतर नुसता शीटवर पडून राहतो. दिसायला दोन्ही सारखेच.

शीटवर जिन्याची दोन चित्रं होती, एक आतून पाहिलेलं, एक बाहेरून. मापांमुळे एक चित्र रुंद होऊन कोपऱ्यातल्या मंजुरीच्या शिक्क्याच्या चौकटीवर चढत होतं, म्हणून छापण्याआधी कुणीतरी दोघांच्या जागा बदलल्या होत्या. चित्रं हलली, नावं जागच्या जागी राहिली, आणि आतून पाहिलेल्या चित्राखाली ‘बाहेरून पाहताना’ आलं. मिस्त्रींनी अक्षर न् अक्षर पाळलं होतं, म्हणूनच जिना उलटा झाला.

आणि ती सुटी अक्षरं तिच्याच हातची होती.

तिने फाइल बंद केली. खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली मिस्त्री आपली हत्यारं एकेक पुसून पिशवीत भरत होते. ती परत खुर्चीत बसली आणि तिने फाइल उघडली.

“साहेब, पाच मिनिटं इकडे याल? मिस्त्रींनाही वर बोलावते.”

मिस्त्री पिशवी हातात घेऊन दारातच थांबले. “मला यातलं काय कळणार, ताई?”

“जिना कळतो ना? मग झालं.”

तिने चित्र ओढलं. साहेब वाकून बघत राहिले. “पुन्हा करा,” ते म्हणाले. तिने पुन्हा केलं.

“अक्षरं अशी सुटी कुणी ठेवली?”

“मी.” तिने माऊस सोडला. “चूक माझी आहे. मिस्त्रींनी कागद बरोबर वाचला. कागदच खोटं बोलत होता.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पण परत डोळ्यांवर चढवला नाही.

“चित्रं मी हलवली,” ते शेवटी म्हणाले. “शिक्का बसत नव्हता. तुम्ही घरी गेला होतात, म्हटलं कशाला थांबायचं.” मग मिस्त्रींकडे न बघताच, “ती पिशवी खाली ठेवा, मिस्त्री. जिना उलटवायला किती दिवस लागतील?”

“आठ,” मिस्त्री म्हणाले. पिशवी त्यांनी केव्हाच खाली ठेवली होती.

तिने चित्र निवडलं, जुनी अक्षरं पुसली आणि नव्याने टाइप केली. मग चित्र शीटभर फिरवलं. आता शब्द त्याच्या मागोमाग फिरले.

“एकदा मला ओढू द्या,” मिस्त्री म्हणाले. जाडजूड बोटांत माऊस मावेना, तरी त्यांनी जिना पार वरच्या कोपऱ्यात नेला. शब्द निमूटपणे पाठोपाठ गेले. कालपासून पहिल्यांदा ते हसले. “आता पळून दाखव म्हणावं.”

नवव्या दिवशी क्रेनने जिना पुन्हा भिंतीशी नेला. वर दारापाशी उभा असलेला माणूस हातानेच इशारे करत होता. जिना दाराकडे वळला, टेकला, आणि सोळाच्या सोळा बोल्ट हातोडा न लावता भोकांत उतरले. मिस्त्री वर जाऊन प्रत्येक पायरीवर उड्या मारून आले. साहेबांनी खालच्या कठड्यावर थाप मारली. ती लांब उभी राहून नुसती बघत होती. अंगावर आलेला काटा तिने पदराने झाकला.

इतक्यात वरचं दार आतून उघडलं. एक नर्स हातात फाइल घेऊन बाहेर आली, फोनवर बोलत बोलतच पायऱ्या उतरू लागली. जिना कालपर्यंत नव्हता हे तिच्या गावीही नव्हतं.

खाली तिघंही बाजूला सरकली आणि तिला वाट करून देत उभी राहिली.