पाण्याचा दिवस सोडून कोणतीही तारीख

काकासाहेबांना जहाजाची सहल करावीशी वाटली, त्याचं कारण समुद्र नव्हे, साडू. वैजापूरच्या साडूनं, फकिरानं, दिवाळीत दुबईला जाऊन उंटाशेजारचा आपला फोटो सगळ्या पाहुण्यारावळ्यांना पाठवला आणि तेव्हापासून काकासाहेबांच्या पोटात दुखत होतं. करमाडची जमीन कारखान्यांत गेली तसे ते चिकलठाण्याच्या नव्या कॉलनीत राहायला आले होते. शेती उरली नव्हती, धंदा कधी केला नव्हता, तरी गेटवर ‘उद्योजक’ अशी पितळी पाटी होती. फकिराच्या विमानाला उत्तर द्यायचं तर जहाजच पाहिजे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

त्यांची बायको सत्यशीला या भानगडीत नव्हतीच. “तुम्ही जा. मला घर हाय,” ती म्हणाली. घर म्हणजे पाणी. कॉलनीतल्या नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि आठाचे दहा दिवस झाले. पाण्याच्या दिवसापायी तिनं भाचीचं लग्न सोडलं होतं, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीतून अर्धवट उपटलेली दाढ घेऊन घरी पळत आली होती. शहर चहूबाजूंनी वाढत होतं, बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यांच्या जाहिरातीत कारंजी उडत आणि खाली टँकर उभे असत.

तरी बुकिंगच्या दिवशी काकासाहेबांनी तिला ओढून नेलंच. बुकिंगवाला अजिनाथ पूर्वी तीर्थयात्रेच्या बसगाड्या काढायचा. आता त्यानं पाटीवरचं देऊळ पुसून तिथं जहाज काढलं होतं. मुंबईहून निघायचं, गोव्यापर्यंत जायचं, चौथ्या दिवशी परत. जहाज त्यानं स्वतः कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं तो धर्मशाळेसारखंच त्याचं वर्णन करत होता. खोली स्वच्छ, चहा दोन टाइम, जेवण पोटभर.

अर्जात एक प्रश्न होता, पोहता येतं का. “लिही, लई चांगलं,” काकासाहेब छाती काढून म्हणाले. “करमाडच्या विहिरीत काठावरून सूर मारायचो मी.” ती विहीर बुजवून तिच्यावर आता कारखान्याची कँटीन झाली होती. सराव करावा म्हणून ते पुढं शहरातल्या पोहण्याच्या तलावावर गेले, तर टंचाईमुळं तलाव कोरडा ठाक आणि तळाच्या फरशीवर लग्नाच्या मांडवाचे बांबू रचलेले.

 बुकिंगच्या त्या दिवशी अजिनाथकडून उठता उठता सत्यशीलानं विचारलं, “खोलीत नळ असंल ना? पाणी कोणत्या दिवशी सोडतात?”

“काकू, तिथं दिवस नसतो,” अजिनाथ म्हणाला. “नळ फिरवला की पाणी. गार बी, गरम बी. कवाबी.”

“भरून नाय ठेवावं लागत?”

“नाय बा.”

ती पुन्हा खुर्चीवर बसली. लग्नाला तीस वर्षं झाली, पण एवढ्या तीव्रतेनं तिला काही हवंसं वाटलं नव्हतं. सोनं नको, समुद्र नको, गोवा तर अजिबात नको. दार लावून, घाई न करता, बादलीत किती उरलंय ते न बघता अंगावर पाणी घ्यायचं, तेही तीन दिवस. तिनं पर्समधून छोटं कॅलेंडर काढलं. पुढच्या दोन महिन्यांचे पाण्याचे दिवस त्यात लाल पेनानं गोल केलेले होते.

“पाण्याचा दिवस सोडून कोणतीबी तारीख चालंल,” ती म्हणाली.

शनिवार ठरला. त्या आठवड्यात पाणी बुधवारी येणार होतं, म्हणजे हौद भरून निवांत निघता आलं असतं.

मग तयारी सुरू झाली. काकासाहेबांनी पांढरी टोपी घेतली, काळा चष्मा घेतला आणि कॉलनीच्या तोंडाशी मोठं फ्लेक्स लावलं. त्यावर हात जोडलेले काकासाहेब, त्यांच्या मागं त्यांच्यापेक्षा लहान जहाज आणि खाली ‘समुद्रपर्यटनास हार्दिक शुभेच्छा, समस्त मित्रमंडळ’. मित्रमंडळ म्हणजे ते स्वतःच. शेजारच्या गोजरबाईनं समुद्राला वाहायला नारळ आणून दिला. तिचं बघून बाकीच्यांनीही दिले. कुणी काशीला निघालं तरी एवढे नारळ गोळा होत नसतील. सत्यशीलानं मात्र बॅगेत साड्यांच्या आधी दोन मोठे नवे टॉवेल घातले.

आणि मंगळवारी निरोप आला की मोठी पाइपलाइन फुटली, पाणी तीन दिवस पुढं गेलं. म्हणजे शनिवारी.

“मी नाय येत,” सत्यशीला म्हणाली आणि टॉवेल कपाटात ठेवून दिले. तिला रडू आलं, पण ते तिनं भाकरी थापता थापता आवरलं.

काकासाहेब हादरले. जहाजावर एकट्यानं गेलं तर आपला फोटो काढणार कोण? ते तडक कडुबाकडं गेले. कडुबा म्हणजे कॉलनीच्या पाण्याची चावी फिरवणारा माणूस. आमदाराला मिळत नाही एवढा मान त्याला त्या भागात होता. दोघांचं काय बोलणं झालं ते त्यांनाच ठाऊक, पण शुक्रवारी भर दुपारी नळ खळखळला.

सत्यशीलाला वाटलं, देव पावला. तिनं हौद भरला, टाकी भरली, पातेली, कळशा, कुकरसुद्धा भरला. गल्लीत सगळ्यांच्या दारांना कुलपं होती. माणसं कारखान्यात, बाया कामावर. नेमकं कुणी घरी नसतानाच कसं आलं, असं क्षणभर तिच्या मनात आलं, पण आनंदाच्या भरात तिनं ते उडवून लावलं. टॉवेल पुन्हा बॅगेत गेले.

संध्याकाळी लोक परतले. नळाखालची जमीन ओली आणि भांडी कोरडी! गोजरबाईनं कडुबाला चौकातच धरलं. तो बिचारा एका दमात सगळं बोलून गेला, “काकासाहेब म्हणले, शनिवारी पाणी सोडलं तर जहाज चुकंल.”

सत्यशीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं नवऱ्याशी एक शब्द न बोलता गेट उघडलं, हौदात मोटर सोडली आणि दारात आलेल्या प्रत्येकाची भांडी भरून दिली. हौदाचा तळ दिसला, तरी निम्म्या बाया रांगेत उभ्याच होत्या. लोकांचा आवाज चढायला लागला तसं काकासाहेबांनी घाईघाईनं कबूल केलं, “उद्या नऊला टँकर मागवतो.”

“तुमची गाडी तर सकाळी सहाची हाय,” गोजरबाई म्हणाली. “टँकरवाला पहिल्या चार घरांत रिकामा होऊन जाईल. तुमच्यातलं एक जण थांबा.”

“ही थांबंल की,” काकासाहेब सहज बोलून गेले. “पाण्याचं हिलाच कळतं.”

सगळ्यांनी सत्यशीलाकडं पाहिलं. ‘बरं’ हा शब्द तिच्या अगदी ओठावर आला होता. तीस वर्षांची सवय ती. पण या खेपेला त्या शब्दाचीच तिला भयंकर चीड आली.

“टँकर कुणी कबूल केला?”

“मी.”

“अन् पाण्याचा दिवस कुणी फिरवला?”

“अगं, ते तुझ्यासाठीच—”

“मग तुम्ही थांबा. मी चालले.”

“एकटी?”

“अजिनाथच्या गाडीत बावीस माणसं हायेत.”

“अगं पण फ्लेक्सवर फोटो माझा हाय!” काकासाहेब कळवळून म्हणाले.

“फ्लेक्स कुठं जातंय,” गोजरबाई म्हणाली. “त्याच्याखालीच टँकर लावू.”

सकाळी गाडी नाशिक सोडून पुढं निघाली तेव्हा सत्यशीलाचा फोन वाजला. पलीकडं बायांचा कालवा आणि त्यात काकासाहेबांचा घोगरा आवाज. “अगं, पाइप धरून उभाय मी. पॅन्ट भिजली. पहिला नंबर कुणाचा लावू? ऐकंनाच कुणी!”

तिला सगळं तोंडपाठ होतं. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाकडं टाकी नाही, कोण दोनदा रांगेत घुसतं. दोन वाक्यांत तिनं भांडण मिटवलं असतं.

“बायांनाच विचारा,” ती म्हणाली. “त्यांना ठावं हाय.”

 मग काकासाहेबांनी विचारलं, “तू येतीस कवा?”

तीस वर्षं रोज उंबऱ्यात उभं राहून तिनं हाच प्रश्न त्यांना विचारला होता. ते जे उत्तर द्यायचे, तेच तिनं दिलं.

“बघू.”