मामाचा कान

"अगं भिंगरी, एका जागी उभी राहा की जरा. तुझ्या येरझाऱ्यांनी माझंच डोकं गरगरायला लागलंय."

मामाने ड्रिल बाजूला ठेवलं आणि सायलेन्सरच्या टोपणाचं शेवटचं रिव्हेट उचकटून काढलं. मी उभी राहिले, म्हणजे दारातून खिडकीपाशी गेले. उद्या सकाळी स्पर्धा आणि आज दुपारी माझ्या गाडीचा सायलेन्सर टेबलावर पोट फाडून पडलेला. कुणाचा जीव थाऱ्यावर राहील?

आमचा खेळ म्हणजे शर्यत नव्हे. बिनसीटची हलकी मोटरसायकल दगडधोंड्यांवरून, ओंडक्यांवरून पाय न टेकवता न्यायची. पाय टेकला की गुण गेले. पण त्याआधी एक माणूस आवाज मोजायचं यंत्र घेऊन उभा असतो, आणि गाडी ठरल्यापेक्षा जास्त वाजली तर तिथूनच घरी पाठवतो. गेल्या खेपेला मी तशीच हात हलवत परत आले होते. आता पुन्हा तेच झालं तर वर्षभराची मेहनत पाण्यात.

तरी मामा होता म्हणून धीर होता. लोक लांबून गाड्या घेऊन त्याच्याकडे यायचे ते त्याच्या कानासाठी. गाडी गल्लीत वळली की हा आतूनच सांगायचा, चेन सैल आहे, नाहीतर बेअरिंग गेलंय. मामी म्हणायची, माझं बोलणं सोडून यांना सगळं ऐकू येतं.

त्याने आतली भोकाभोकांची नळी ओढून बाहेर काढली. तिच्याभोवती काचेच्या तंतूंची लोकर गुंडाळलेली असते, आवाज तीच गिळते. माझी लोकर तेल पिऊन काळीठिक्कर पडली होती आणि तिचा चिकट गोळा झाला होता.

"ही काय आवाज गिळणार? हिचंच पोट भरलंय," मामा म्हणाला आणि गोळा डब्यात टाकला.

तारेच्या ब्रशने त्याने नळी घासली, बुजलेली भोकं मोकळी केली. मग त्याने ते केलं जे तो नेहमी करतो. नळी दोन बोटांत लटकती धरली आणि नखाने टिचकी मारली. नळी धड असेल तर आवाज लांबवर रेंगाळतो. तडा गेलेली असेल तर तिथल्या तिथे बसतो.

थप्.

"ठणठणीत आहे," मामा म्हणाला.

मी खिडकीपाशी होते. मला वाटलं, मलाच नीट ऐकू आलं नसेल. मामाच्या कानापुढे माझ्या कानाची काय बिशाद?  हातमोजे घालून त्याने नवी पांढरी लोकर नळीवर गुंडाळली, दोऱ्याने बांधली, फार ठासून नाही आणि फार सैलही नाही. नळी आत सरकवली, टोपण बसवलं, नवी रिव्हेटं मारली. सायलेन्सर गाडीवर चढला आणि मामाने किक मारली.

धडधड मऊ झाली होती खरी. पण तिच्यावर एक बारीक झिणझिण चालली होती, भांड्यात खिळा अडकल्यासारखी. मामा सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरून डोळे मिटून उभा होता. चेहऱ्यावर समाधान.

"मामा," मी मागून हाक मारली. "मामा, ती झिणझिण कसली?"

तो वळला नाही. मी आणखी मोठ्याने ओरडले. तरीही नाही.  मागच्या महिन्यात तो फोन उचलत नव्हता, काही विचारलं की नुसता हसून मान हलवायचा, ते सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

सांगावं तर याचा मान जातो, आणि गप्प बसावं तर माझी स्पर्धा. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. शेवटी मी एका फडक्याची घडी केली, त्याचा हात धरला आणि फडक्यावरून सायलेन्सरच्या अंगावर ठेवला. आतली थरथर त्याला हाताला लागली. त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

"वाजतंय का?"

मी मान हलवून हो म्हटलं.

"टिचकी मारली तेव्हाही नळी नीट वाजली नव्हती?" माझ्या ओठांवर नजर ठेवून त्याने विचारलं.

"थप् झालं होतं, मामा."

तो उपड्या खोक्यावर बसला. हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"आधी पाखरं गेली," तो म्हणाला. "मग दारावरची घंटा. मग तुझ्या आईची हाक. ती गेली तेव्हा जरा बरंच वाटलं."

मला हसू आलं नाही. त्यालाही नाही.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. गेलेलं परत येत नाही म्हणाला. लोक माझ्याकडे कशासाठी येतात, पोरी? पाने-पकडी तर कुणाकडेही असतात."

 मी ड्रिल त्याच्या हातात दिलं. नवी रिव्हेटं पुन्हा उडाली, नवी लोकर सुटली. नळीच्या बुडाशी, जिथे ती पत्र्याला जोडलेली असते, तिथे काजळीखाली केसाएवढा तडा होता. मामाने वेल्डिंग केलं, नळी निवू दिली आणि माझ्यापुढे धरली.

मी टिचकी मारली. आवाज अर्ध्यात बसला.

"नाही," मी म्हटलं.

त्याने पुन्हा जोडलं. या वेळी नळी लांब वाजली. मी काही बोलण्याआधीच त्याने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं आणि लोकर उचलली.

सकाळी मैदानावर यंत्रवाल्याने आकडा पाहून माझ्या गाडीवर पास झाल्याची हिरवी चिकटपट्टी लावली. मामाशेजारी उभी राहून मी हेल्मेट बांधत होते तेवढ्यात एक दाढीवाला खेळाडू आपली गाडी ढकलत आमच्याकडे आला.

"मिस्त्री, बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "काहीतरी खडखडतंय. जरा कान लावा ना. तुम्ही सांगितलं की विषय संपला."

मामा त्याच्या ओठांकडे बघत होता. आजूबाजूला आणखी दोघंतिघं थांबले, मामा काय सांगतो ते ऐकायला. मला वाटलं, आता हा हात पुढे करेल, डोळे मिटेल आणि काहीतरी ठोकून देईल. 

"मला ऐकू येत नाही," मामा म्हणाला. जरा जास्तच मोठ्याने, कारण आपला आवाज किती आहे हे त्याला कळत नव्हतं. "हिला विचारा. ही माझी भाची."

दाढीवाला गोंधळून कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे बघत राहिला. मी हेल्मेट काढून गवतावर ठेवलं आणि गाडीशी वाकले. मामाने किक मारून गाडी सुरू केली, पलीकडून हँडल धरलं, ॲक्सिलरेटर हळूहळू पिळत नेला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला.