गालावरचा कापूस

हॉटेलात हॉल-कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुख्य, झालो तर आपल्या पदरात काय काय पडणार, हे जावयाने मनाशी पक्कं मांडून ठेवलं होतं. एक तर ट्रे सुटणार, आणि ट्रेबरोबर डाव्या खांद्याची कळही. पांढरं जाकीट जाऊन काळा कोट येणार. चुटकी वाजवून ‘ए, पाणी’ म्हणणारं गिऱ्हाईक आता ‘कॅप्टन, जरा’ असं म्हणणार. आणि सगळ्यात मोठा लाभ, जो तो स्वतःशीसुद्धा जरा हळू आवाजातच बोलायचा, तो म्हणजे सासूबाईंच्या घरात राहूनही मान वर करून जेवायला बसता येणार. लग्नानंतर तो बायकोच्या घरी राहायला आला, तेव्हापासून गल्लीत आणि हॉटेलात सगळे त्याला जावईच म्हणत. त्याचं खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

या सगळ्याच्या आड एकच गोष्ट उभी होती. त्याची दाढी.

मॅनेजरसाहेबांची एक पद्धत होती. संध्याकाळी हॉलची दारं उघडण्याआधी ते सगळ्या वेटरांना रांगेत उभं करत आणि कापसाचा बोळा घेऊन प्रत्येकाच्या गालावरून, हनुवटीखालून, गळ्यावरून फिरवत. एक तंतू जरी खुंटाला अडकून राहिला तरी साहेब नुसतं ‘हं’ म्हणत. त्या ‘हं’ला सगळे टरकून असत. रक्ताचा ठिपका किंवा खपली दिसली तर मात्र ते ‘हं’सुद्धा म्हणायचे नाहीत, आणि ते त्याहून वाईट. “पाहुणा जेवताना ताट बघतो आणि तुमचं तोंड बघतो,” ते म्हणत. “दोन्ही धुतलेली हवीत.” जुना कॅप्टन महिनाअखेर निवृत्त व्हायचा होता. जागा एक आणि नजरेत भरलेली माणसं दोन: एक जावई, दुसरा गुळगुळीत.

गुळगुळीत हा चोवीस वर्षांचा इसम. कामात बरा, बोलण्यात गोड. पण त्याची खरी मिळकत म्हणजे त्याला दाढीच येत नव्हती. हनुवटीवर चार केस उगवत, तेही विचारून विचारून. कापूस त्याच्या गालावरून बर्फावरून घसरावा तसा घसरायचा.

जावयाची दाढी म्हणजे काथ्या. पण त्याच्याकडे सासऱ्यांचं मशीन होतं. लग्नात सासूबाईंनी ते स्वतःच्या हाताने दिलं होतं. जुनं, जड, पितळी, वरचा मुलामा उडालेला सेफ्टी रेझर. दांड्याच्या बुडाची चकती फिरवली की डोक्यावरची दोन झाकणं दारासारखी उघडायची. आत दुधारी पातं ठेवायचं, चकती उलटी फिरवायची, दारं बंद. जावयाला या मशीनने दाढी करणं हा दिवसातला सगळ्यात शहाणा वेळ वाटायचा. ब्रश गरम पाण्यात भिजवायचा, साबणाच्या वडीवर घोळवायचा, फेस सायीसारखा दाट होईपर्यंत गालावर गोल गोल फिरवायचा. मग मशीन नुसतं टेकवायचं. दाबायचं नाही. दाबायला गेलात की मशीन रागावतं. त्याच्या वजनानेच ते खाली येतं, आणि बारीक सर्र असा आवाज येतो. आधी केसांच्या ओघाने, मग पुन्हा फेस लावून उलट्या हाताने, शेवटी ओल्या गालावर तुरटी.

हे सगळं त्याला येत होतं. वर्षभर बिनतक्रार येत होतं. आणि नेमक्या याच महिन्यात येईनासं झालं.

एके दिवशी नवंकोरं पातं चढवलं आणि पहिल्याच ओढीला सर्रऐवजी खर्र आवाज आला. गळ्यावर दोन ठिकाणी रक्त. दुसऱ्या दिवशी भीत भीत आणखी एक नवं पातं काढलं, तर ते लोण्यासारखं चाललं. तिसऱ्या दिवशीचं नवं पुन्हा करवतीसारखं. जावई चक्रावला. हात तोच, साबण तोच, पाणी तेच, पाकीट एकच. मग रोज चेहरा बदलतोय की काय?

त्याने पाणी जास्त गरम केलं, मग कमी गरम केलं. दांडा गालापासून लांब धरला, मग जवळ धरला. साबण बदलला. आंघोळीआधी करून पाहिली, नंतर करून पाहिली. एकदा तर उजव्या पायावर भार देऊन उभा राहिला, कारण चांगली दाढी झाली त्या दिवशी आपण असेच उभे होतो असं त्याला वाटलं होतं. त्या दिवशी सगळ्यात जास्त कापलं.

“काय शोधताय आरशात?” बायकोने विचारलं.

“चूक.”

“मग आरसा बरोबर आहे,” ती म्हणाली आणि हातातली कापडं घेऊन खाली पळाली. खालच्या मजल्यावर सासूबाईंचं शिवणकामाचं दुकान होतं. मायलेकी दोघी मशीनवर बसत. अलीकडे जावई खाली डोकावला की दोघी एकदम गप्प व्हायच्या आणि हातातलं काम टेबलाखाली सरकवायच्या. त्याने हेही आपल्या गोंधळात टाकून दिलं. बायका बायकांचं काहीतरी असेल.

शेवटी तो कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेला. न्हाव्याने त्याला खुर्चीत बसवलं, मशीन उजेडात धरलं, दारं उघडून मिटून पाहिली, दांड्यावर टिचकी मारली.

“मशीन ठणठणीत आहे. हात दाखवा.”

जावयाने हवेत दाढी करून दाखवली.

“हातही बरा आहे. पातं?”

“रोज नवं. कागदातून काढतो आणि चढवतो.”

“कुणी दुसरं वापरतं का मशीन?”

“घरात मी एकटाच पुरुष.”

न्हाव्याने त्याच्या गळ्यावरच्या खपल्या अंगठ्याने चाचपल्या आणि म्हणाला, “हे नव्या पात्याचं काम नाही. नवं पातं कापतं तेव्हा एक सरळ रेघ ओढतं. हे तर ओरबाडलंय. मांजर पाळलंय का?”

“चेष्टा नका करू हो. माझी कॅप्टनची जागा अडकलीय.”

“मग दाढी माझ्याकडे करत जा.”

जावयाने तो विचारही केला. पण न्हावी दुकान उघडायचा सकाळी, दुपारी झोपायचा आणि पुन्हा उघडायचा ते दिवेलागणीला. जावयाचा काथ्या सकाळी कापला तर संध्याकाळपर्यंत कापूस धरायला तयार. दाढी दुपारी, कामाला निघण्याआधी तासभरच करायला हवी. तो न्हाव्याचे आभार मानून निघाला. आला होता त्याहून जास्त गोंधळात.

त्या संध्याकाळी साहेबांचा कापूस त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यावर अडकला. साहेब ‘हं’ म्हणाले. मग हनुवटीखालची खपली दिसली आणि ते काहीच म्हणाले नाहीत. रांग संपल्यावर मात्र त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

“जावई, काम तुमचं चांगलं आहे. पण उद्या मला एक नाव वर कळवायचंय. उद्या तोंड घेऊन या, ही जखम नको.”

गुळगुळीत मागे उभा होता. “दादा, मी कोरफड लावतो रात्री,” त्याने मनापासून सुचवलं. जावयाने त्याच्या गालाकडे पाहिलं. ज्याचं शेत नापीक, तो खताचा सल्ला देत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावयाने देवाचं नाव घेऊन पाकिटातलं पातं काढलं. कागदाची घडी अगदी कोऱ्यासारखी, कडेला कड लावलेली. घडी उलगडली, आणि पात्याच्या मधल्या खाचेत त्याला काहीतरी काळं दिसलं. त्याने ते नखाने ओढलं. वीतभर लांबीचा काळा दोरा.

तो दोरा तसाच चिमटीत धरून तो खाली गेला. यावेळी मायलेकींना टेबलाखाली काही सरकवायला वेळ मिळाला नाही. सासूबाईंच्या मांडीवर एक जाडजूड काळा कोट पसरला होता. त्याची एक बाही उसवून वेगळी झाली होती, आणि सासूबाई चष्मा नाकाच्या टोकावर आणून दुसऱ्या खांद्याची शिवण उसवत होत्या. चिमटीत कोरं, चकचकीत, दुधारी पातं. शेजारी त्याचा कागद नीट पसरून ठेवलेला.

“आई,” जावई म्हणाला, “हे पातं माझं ना?”

“तुमचंच,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “झालंच माझं. पुसून, घडी घालून ठेवते जागेवर.”

“म्हणजे तुम्ही उसवता आणि परत कागदात गुंडाळता?”

“मग काय उघडं टाकू? कुणाचा हात कापला म्हणजे?”

“अहो, पण मग त्याने मी दाढी करतो!”

“हो की,” सासूबाई म्हणाल्या. त्यांना यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. “या घरात पहिल्यापासून हेच आहे. नव्या पात्याची धार आधी कापडाला, मग माणसाला. बोथट पात्याने शिवण उसवायला गेलं तर कापडाला चीर जाते. गेलेलं कापड परत येतं का? गालाचं काय, आठवड्यात भरून येतो.”

“सासरे काही बोलायचे नाहीत?”

“सुरुवातीला कुरकुरायचे. मग दाढी ठेवली त्यांनी.”

जावयाने भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिलं. सासऱ्यांची छातीपर्यंतची दाढी. वर्षभर तो त्याला त्यांचा भारदस्तपणा समजत होता.

“वर्षभर काही झालं नाही,” तो पुटपुटला. “याच महिन्यात का?”

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. बायको हळूच म्हणाली, “वर्षभर फ्रॉक आणि परकर होते. त्यांच्या शिवणीने पात्याला काही होत नाही. हा कोट बाबांचा. दुहेरी शिवण, आत कॅनव्हास. एकेका शिवणीला एक पातं खातोय.”

“मग कोणासाठी चाललाय?”

“तुमच्यासाठी,” बायको म्हणाली. “कॅप्टन झाल्यावर घालायला. सांगायचं नव्हतं.”

सासूबाईंनी कोट उचलून त्याच्या पाठीला लावून पाहिला. “छातीत दोन बोटं घेतलीत. ह्यांची छाती मोठी होती,” त्या म्हणाल्या आणि मग त्यांची नजर त्याच्या गळ्यावर गेली. “हे सगळं पात्याने?”

“हो.”

“बोलायचं तरी होतं, जावईबापू.”

जावयाला चिडायचं होतं. तोंड उघडलंही. पण चिडायचं कोणावर? जी बाई त्याच्यासाठी नवऱ्याचा कोट उसवत होती तिच्यावर? की महिनाभर गुपित सांभाळत बसलेल्या बायकोवर? आणि एवढं करून त्याच्या डोळ्यांत थोडं पाणी आलंच, ते रागाचं की कशाचं, हेही त्याला नीट कळेना. घड्याळात पाहिलं आणि तो कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाकडे धावला.

नवं पाकीट, वेष्टन न फोडलेलं. ते त्याने स्वतःच्या हाताने फोडलं, स्वतःच्या हाताने पातं चढवलं. बायको दारात पहाऱ्याला उभी राहिल्यासारखी उभी. मशीन गालाला टेकलं आणि सर्र. महिनाभर हरवलेला आवाज. ओघाने, मग उलट्या हाताने, मग तुरटी. त्याने गालावरून हात फिरवला आणि बायकोचा हातही फिरवून घेतला. तिने नुसत्या भुवया उडवल्या.

संध्याकाळी साहेबांचा कापूस त्याच्या गालावरून उतरला, हनुवटीखालून गेला, गळ्यावरून फिरला. कुठे अडकला नाही. रांगेतले सगळे बघत राहिले. साहेबांनी बोळा उजेडात धरून पाहिला. एक तंतू विस्कटलेला नाही.

“वा,” साहेब म्हणाले. साहेब ‘वा’ म्हणाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मग त्यांनी जावयाची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली. गळ्यावर जुन्या खपल्या होत्या, काही काळसर, काही नुकत्या सुटलेल्या, खाली गुलाबी कातडी. खुंट एकही नव्हता, पण महिनाभराचा इतिहास होता.

“ही दाढी तुम्हाला काल का जमली नाही?” साहेबांनी विचारलं.

जावयाने उत्तर मनात जुळवून पाहिलं. सासूबाई, शिवण, कोट, दोरा. रांगेत उभं राहून, गुळगुळीतच्या शेजारी, हे कसं सांगायचं? आणि सांगितलंच तर ऐकणाऱ्याला ते खरं वाटेल की सबब?

“हात बसत नव्हता, साहेब,” तो म्हणाला.

“मला बसलेला हात हवाय,” साहेब म्हणाले, जरा वाईट वाटूनच, आणि पुढे सरकले. गुळगुळीतच्या गालावरून त्यांनी कापूस सवयीपुरता फिरवला.

घरी दोघी जाग्या होत्या. कोट तयार होता, हँगरवर, शेवटचं बटण लावून. जावयाने तो अंगात घातला. खांद्यात चपखल, छातीत चपखल, बाही मनगटाच्या हाडावर नेमकी.

“कसा झालाय?” सासूबाईंनी विचारलं.

“सुंदर,” तो म्हणाला. मग म्हणाला, “जागा गुळगुळीतला मिळाली.”

बायकोने खालचा ओठ दातात धरला. सासूबाईंनी पुढे येऊन त्याच्या कॉलरची कड नीट केली आणि खपल्यांना बोट न लावता, त्यांच्या शेजारच्या कातडीवर हलकंच बोट ठेवलं. कापड तपासताना ठेवतात तसं.

“मी समजत होते, हे भरून येतं,” त्या म्हणाल्या.

“येईल की,” जावई म्हणाला.

तर या व्यवहारात कोणी काय भरलं, ते असं. कोटाने आपल्या जुन्या शिवणी दिल्या. सासूबाईंनी डोळे दिले, आणि नवऱ्याची शेवटची आठवण कातरून जावयाच्या मापाची करून दिली. बायकोने महिनाभर तोंड बंद ठेवलं, तिच्यासाठी हा मोठाच खर्च. जावयाने गळा दिला आणि त्याच्याबरोबर जागाही. पात्यांनी धार दिली, तीही दोनदा, दोन्ही बाजूंनी. आणि ज्याला सगळं मिळालं, त्या गुळगुळीतने या कामी एक केससुद्धा खर्च केला नाही. त्याच्याकडे होतेच कुठे?