तपकिरी गासड्या

सोनुनने कुंपणातून हात घातला, जावेच्या रचलेल्या गवताच्या गासड्यांतली एक मूठ उपसली आणि नाकाशी नेली. तंबाखूचा आणि करपलेल्या साखरेचा वास आला. ती तपकिरी मूठ तिच्याच गाईने जिभेने ओढून घेतली. गव्हाणीत हिरवीगार गासडी सोडून ठेवलेली असताना ही बया सकाळपासून कुंपणाला मान लावून उभी होती.

पोटात दुखायला एवढं पुरेसं होतं, पण सोनुनचं दुखणं जुनं होतं. कुंपणापलीकडचं घर एके काळी तिचंच होतं. सासूचा चहाचा वाडगा वर्षानुवर्षं तिनेच भरला. मग धाकट्या दिराचं लग्न झालं. आईबापाचं घर धाकट्याचं आणि थोरल्याने शेजारी नव्या भिंती उभारायच्या, ही नारिनच्या डोंगराळ मुलखातली रीत. चहाचं पाणी उकळायचा समोवार, चूल आणि म्हातारी, सगळं आयतं धाकटीला, बुरुलला मिळालं. आता म्हातारीच्या चहात बुरुलच्या गाईची साय पडायची, आणि म्हातारी भेटेल त्याला त्या सायीचं कौतुक सांगायची.

त्यात हे गवत. गासड्या बांधायचं यंत्र गावात नवीन आलेलं, आणि एकच. सोनुनने थोरलेपणाच्या हक्काने दुपारची, कडक उन्हाची पाळी घेतली होती. बुरुलच्या वाट्याला पहाटेची, दवातली पाळी उरली. तरी गुरं चाटूनपुसून खात होती ती बुरुलचंच. सोनुनच्या डोक्यात हे काही केल्या बसेना.

ती तशीच पलीकडे गेली. बुरुल गोवऱ्या रचत होती.

“तुझ्या गासड्या मला दे. माझ्या तू घे. सगळ्या.”

“सगळ्या? जाऊबाई, अहो, त्या आतून तापल्यात. दवाच्या...”

“मला शिकवू नकोस. थोरली कोण आहे?”

बुरुल तिच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. बरं झोंबलं, असं सोनुनला वाटलं.

“तुम्हीच,” बुरुल म्हणाली.

दोघा भावांनी कुरकुरत गासड्या इकडच्या तिकडे केल्या.

बर्फ पडलं. सोनुनची गाय आधाशासारखी खायची आणि दूध मात्र कमी कमी द्यायची. बर्फ वितळायला लागलं तोवर तिच्या बरगड्या दिसू लागल्या. पलीकडे बुरुलची बादली फेसाने भरत होती. सोनुनने गोठ्यात धुरी फिरवली, दृष्ट काढली, काही फरक पडला नाही. चेटूकच केलं असणार सटवीने. नौरोजच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या दिवशी ती भांडायचं ठरवूनच सासूच्या घरात शिरली.

आत आळीतल्या बायका चहाला बसल्या होत्या. म्हातारीने तिला पाहिलं आणि दारासमोरच्या मानाच्या जागेवर हात थोपटला.

“ये गं, माझ्याशेजारी बस. आत्ता तुझंच सांगत होते. ओली गासडी आतून तापते म्हणे. वास गोड सुटतो, गुरं तुटून पडतात, पण कस सगळा जळालेला असतो. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ही बुरुल रडत बसली होती. आईंच्या चहाला दूध कुठून आणू, म्हणून. आणि दुसऱ्याच दिवशी माझी थोरली येऊन म्हणते, आण त्या इकडे. स्वतःची गाय वाळवली, पण माझा चहा काही काळा होऊ दिला नाही हिने.”

म्हातारीने समोवारची तोटी स्वतः फिरवली, वरून सायीचा जाड थर घातला आणि वाडगा सोनुनच्या हातात दिला. सासूने सुनेला चहा ओतून दिलेला त्या आळीत कुणी पाहिला नव्हता.

सोनुनने वाडगा ओठांना लावला. भांडायला आणलेले शब्द चहाबरोबर गिळले गेले.

“जाऊबाई, तुमच्या हिरव्या गासड्या निम्म्या अजून शिल्लक आहेत,” बुरुल हळूच म्हणाली. “तेवढ्या तरी परत घ्या. गाय गाभण आहे तुमची.”

सगळ्या बायका सोनुनकडे बघत होत्या. म्हातारीचा हात तिच्या गुडघ्यावर होता.

“राहू दे,” सोनुन म्हणाली. “आईंना चहा दुधाचाच लागतो.”

ती घरी आली तेव्हा गाय गव्हाणीतलं तपकिरी गवत मन लावून खात होती. सोनुनने तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला. मग कुणी बघत नाहीसं पाहून तिने कुंपणातून हात घातला आणि आपल्याच हिरव्या गवताची एक मूठ चोरून उपसली.