पिवळ्या पुड्याचं नाव

ऐका ना, चांगुणाची गोष्ट सांगते. चांगुणा म्हणजे कर्जतच्या आसाराम मास्तरांची पोरगी, नगरला राहून एम.कॉम. झालेली, आणि बहात्तरच्या उन्हाळ्यात कोपरगावला नवी नवी नांदायला आलेली. आणि तिला काय व्हायचं होतं माहितीय? डॉक्टर! सुई टोचणारी नव्हे हां. गिऱ्हाइकाची डॉक्टर. माणूस दुकानात गेला की हा साबण सोडून त्याच साबणाला हात का घालतो, यावर पीएच.डी. अहमदाबादेच्या एका मोठ्या संस्थेत हे असलं शिकवायला नुकतंच सुरू झालं होतं. राहायला खोली, वर खर्चाला पैसे. नगरच्या कॉलेजातल्या सरांनीच तिला अर्ज करायला लावला, जानेवारीत, म्हणजे लग्नाच्या आधी.

मग फाल्गुनात लग्न झालं. मास्तरांनी बोलणी करतानाच सांगून टाकलं होतं, पोरीला मुलाखतीला बोलावलं तर पाठवायचं. सासरी कर्तं माणूस म्हणजे सासू, लंकाबाई. ती म्हणाली, "जाऊ द्या. पर एकडाव. न्हाई झालं तर परत त्या कालेजाचं नाव काढायचं न्हाई."

झालं. म्हणजे एकच संधी.

आता त्या अर्जात तिनं काय लिहिलं होतं ते ऐका, कारण सगळा घोळ तिथंच आहे. अर्जाबरोबर आपण काय शोधणार ते लिहून द्यायचं असतं. तर तिनं काय केलं, कर्जतचे आठवडी बाजार धरले आणि बायांना विचारत सुटली, बाई, चहा कुठला घेता? त्या भागात चहा दोनच चालायचे. एक मोर चहा. दुसरा गोरख चहा, पिवळ्या पुड्यातला, वर कानात कुंडलं घातलेल्या बुवाचं चित्र. पिशवीत बघावं तर पिवळा पुडा निम्म्या बायांच्या असायचाच. पण नाव विचारलं की, "त्यो पिवळा." "बुवाचा गं." "त्योच आपला, नेहमीचा." मोराचं नाव सगळ्या धडाधड घेत होत्या, पिवळ्याचं मात्र बहुतेकींना येईना! चांगुणानं काढला निष्कर्ष की खेड्यातली बाई मालाचं नाव लक्षात ठेवत नाही, चित्र लक्षात ठेवते. सर खूश, चांगुणा खूश, अर्ज पोस्टात.

आणि आता तिच्या नवऱ्याचं नाव सांगते. गोरखनाथ. हसू नका! आपला मुलूख नाथांचा, दोन घरं ओलांडली की एक गोरख, नाहीतर मच्छिंद्र, नाहीतर कानिफ. हा गोरखनाथ साखर कारखान्यात काट्यावर होता, म्हणजे उसाच्या गाड्या वजन करून आत सोडायच्या. सालस माणूस. थोडा धांदरट. बायकोची पुस्तकं उलटी धरून, "हे इंग्रजी मला लई सोपं जातं," म्हणणारा.

एक दिवस लंकाबाईनं चांगुणाला चहा आणायला पाठवलं. कोपऱ्यावर शमशेरचाचांचं किराणा दुकान. चार बाया उभ्या होत्या. चाचांनी विचारलं, "नई बहू, कुठला देऊ?" आणि चांगुणा, एम.कॉम. झालेली, ठणठणीत आवाजात म्हणाली, "गोरख चहा द्या, पावशेर."

आत तांदूळ निवडत बसलेली चाचांची बायको बिस्मिल्ला, तिच्या हातातलं सूप थांबलं. "अगं बाई," ती म्हणाली, "तोंडावर हात तरी ठेवायचा!"

चांगुणाच्या मग लक्षात आलं, आपण नवऱ्याचं नाव घेतलं. तिला हसूच आलं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे! ही असली गोष्ट तिनं कधी मानली नव्हती. पुडा घेतला नि घरी आली.

संध्याकाळी गोरखनाथला चौघांनी धरून आणलं. काट्यावर गाडीची साखळी तुटली आणि सपकन कपाळावर बसली. रुमाल रक्तानं भिजून काळा झालेला. डोळा थोडक्यात वाचला.

लंकाबाई ओरडली नाही, रडली नाही, आणि तेच वाईट होतं बघा. दुकानातली बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. जखमेवर पट्टी बांधून झाली, माणसं गेली, तेव्हा ती चुलीपाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "घेतलंस नाव?"

चांगुणानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"माझा एकच हाय गं," लंकाबाई म्हणाली. एवढंच. आणि उठून गेली.

अहो, शिकलेली पोरगी ती! साखळी जुनी होती, गंजली होती, म्हणून तुटली, तिला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि भिणं वेगळं. गोरखनाथ घरी यायला जरा उशीर झाला की ती दारात. सायकलची घंटा ऐकू आली की मग श्वास. मनातल्या मनातसुद्धा ते नाव येऊ नये म्हणून जपायला लागली.

पुढं चहा संपला. परत शमशेरचाचांचं दुकान. "कुठला देऊ?" चांगुणानं तोंड उघडलं आणि जीभ टाळूला चिकटली. आणि मग तिच्याच तोंडातून, तिच्याच कानांनी तिनं ऐकलं, "त्यो... पिवळा."

अगदी तोच आवाज! कर्जतच्या बाजारातला! हातातली पिशवी खाली पडली. त्या बाया विसरल्या नव्हत्या. एकीलाही विसर पडला नव्हता. कुणाचा नवरा गोरख, कुणाचा सासरा, कुणाचा थोरला दीर, आणि ह्यांतल्या एकाचंही नाव घ्यायचं नसतं. आणि आपण काय लिहिलं? बायांना नाव लक्षात राहत नाही!

म्हणजे अर्जच चुकलेला. बुडापासून. आणि मुलाखतीचं बोलावणं आलेलं, पुण्याला, पुढच्याच आठवड्यात.

मग तिचे जे दिवस गेले! खरं सांगावं तर, स्वतःचं काम स्वतःच चूक म्हणणाऱ्या पोरीला कोण घेणार? न सांगावं तर त्या मोठ्या लोकांनी पकडलं म्हणजे? आणि एकच संधी. भाकरी थापताना हात थांबायचा. लंकाबाई म्हणायची, "पोरी, तव्यावर लक्ष दे." ती बिचारी समजायची, पोरगी जायला भिते.

शेवटी ठरवलं. गप्प बसायचं. जे लिहिलंय तेच बोलायचं नि निघून यायचं.

गोरखनाथ बरोबर आला. कपाळावर खपली, अंगात लग्नातला सदरा. एस.टी.त सगळ्यांना सांगत होता, "आमची मंडळी डॉक्टर व्हायला निघाल्यात." मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं लगेच गुडघा पुढं केला. गोरखनाथ म्हणाला, "आजोबा, ह्या दुखणं न्हाई बघत. तुमी बाम कुठला घेता, ते बघतात."

पुण्यात मुलाखती एका मोठ्या बंगल्यात होत्या, रस्त्याला लागून. खिडक्या उघड्या, बाहेर बसचे नि रिक्षांचे हॉर्न. गोरखनाथ म्हणाला, "तू जा आत. मी पलीकडून उसाचा रस आणून ठिवतो."

"रस्ता नका ओलांडू!" चांगुणा एवढ्या जोरात बोलली की शिपाई वळून बघायला लागला. तेवढ्यात तिचा पुकारा झाला.

आत तिघं बसलेले. मधले जाड चष्म्याचे गुजराती सर, एका बाजूला एक बाई, दुसऱ्या बाजूला कानिटकर सर, तेवढे एक आपल्याकडचे. बोलणं इंग्रजीत, पण मी आपल्या भाषेत सांगते. सुरुवातीचं बरं गेलं. मग चष्मेवाल्या सरांनी विचारलं, "बायांना नाव आठवत नाही म्हणता. कुठल्या चहाचं? नाव काय त्याचं?"

बाहेर कचकन ब्रेक लागला.

चांगुणाची मान खिडकीकडं वळली. रस्त्यावर कुणीतरी ओरडत होतं. तिला खिडकीपाशी धावत जायचं होतं आणि खुर्ची सोडवेना. ह्या घटकेला ते नाव तोंडातून गेलं आणि बाहेर काही झालं तर?

"नाव?" सर म्हणाले.

"पिवळा पुडा असतो," चांगुणा म्हणाली.

"पुडा नको, नाव सांगा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. कानिटकर सरांनी मान वळवली, लाज वाटल्यासारखी. चष्मेवाले सर थकल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे ज्यावर तुम्ही काम केलंत त्याचं नाव तुम्हालाच आठवत नाही?"

आणि तिथं चांगुणाचं काय झालं कुणास ठाऊक. संधी तर गेलीच होती. ती म्हणाली, "आठवतं, सर. मी लिहिलंय ते चूक आहे. त्या बायांना पण आठवत होतं. मला येतंय आणि मी घेत नाही, कारण ते माझ्या नवऱ्याचं नाव आहे. तुमच्या कागदावर आता माझं उत्तर काय लिहाल? आठवत नाही, असंच ना? मी पण तेच लिहिलं होतं."

तिघं एकमेकांकडं बघायला लागले. चष्मेवाल्या सरांनी कानिटकरांना विचारलं, असं खरंच असतं? कानिटकर म्हणाले, "माझी आई मला पत्राच्या पत्त्यात वडलांचं नाव लिहायला लावायची. स्वतः कधी उच्चारलं नाही."

"बाहेर थांबा," सर म्हणाले.

थांबते कसली! ती धावतच फाटकाशी गेली. रस्त्यावर एक हातगाडी आडवी झालेली, कांदे सांडलेले, माणसं भांडत होती. रक्त नव्हतं. आणि पलीकडं हा! दोन हातांत रसाचे दोन ग्लास, नजर ग्लासांवर, एक थेंब सांडू नये म्हणून पाय जपून टाकत, रस्त्याच्या मधोमध! आणि वळणावरून बस.

"अहो!" चांगुणा ओरडली.

फूटपाथवरच्या चार पुरुषांनी माना वळवल्या. हा चाललाच.

"अहो! अहो!" सायकलवाला थांबला, कांदेवाला थांबला. हा रस बघतोय. बस एवढ्यावर आली आणि चांगुणानं डोळे मिटून, पोटातून, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं टाकलं, "गोरख!"

तो जागच्या जागी थांबला. आयुष्यात बायकोच्या तोंडून अशी हाक पहिल्यांदाच ऐकली ना! बस त्याच्या सदऱ्याला वारा लावून गेली. सगळा रस अंगावर.

चांगुणा फाटकाला धरून खाली बसली. मागं कानिटकर सर उभे होते.

"घेतलंत की नाव," ते म्हणाले.

झालं! चांगुणाला वाटलं, आपणच सांगितलं बाई नाव घेत नाही, आणि आपणच सगळ्यांदेखत खोटं पाडलं. तिला रडू फुटलं. "सर, ते... बस आली म्हणून..."

"म्हणूनच," सर म्हणाले. "कधी घेत नाही ते शोधलंत. आता कधी घेते ते पण शोधा. पहिला निष्कर्ष फाडून टाका, सगळं नव्यानं लिहून आणा. जुलैत अहमदाबादेला या. आत तेच ठरलंय."

तिला ते नीट ऐकूच आलं नाही. ती रस्त्याकडं बघत होती, हा माणूस उरलेला अर्धा रस्ता नीट ओलांडतोय का.

परतीच्या एस.टी.त गोरखनाथ रसानं चिकट झालेला सदरा सोडवत बसला. मग हळूच म्हणाला, "जुलैत जायचं, व्हय? म्हंजे पास झालीस तू." आणि लगेच, "आईला नावाचं काय सांगायचं?"

चांगुणा म्हणाली, "काही नाही. घरी नीट पोचू तर द्या आधी."

खिडकीबाहेर अंधार पडायला लागला होता. समोरून प्रत्येक ट्रक आला की ती डोळे मिटायची. त्याच्या सदऱ्याची बाही तिनं मुठीत जी धरली, ती कोपरगाव येईपर्यंत सोडली नाही.