आण्णांच्या जीपमध्ये रुतलेली गोळी

मी रिव्हॉल्व्हरची गोळी बोलतेय. आज बीडच्या कोर्टात मला कुणीतरी पहिल्यांदाच विचारलंय, "तू आलीस कुठून?" मला तर धीरच धरवत नाहीये!

माझा जन्म कारखान्यातला, अंगावर तांब्याचं कवच. निकालाच्या दुपारी गावात मिरवणूक निघाली. नवनाथ आण्णा जिल्हा परिषदेवर निवडून आले होते. उघड्या जीपमध्ये आण्णा, पुढे जेसीबी, त्याच्या बकेटमध्ये उभे राहून कार्यकर्ते त्यांच्यावर फुलं नि गुलाल उधळत होते. डीजे, फटाके! त्या गोंगाटात मी सुटले आणि आण्णांच्या मानेतून आरपार जाऊन सीटमध्ये रुतले. आण्णा गेले. मला लाज वाटली, पण मला कुठं थांबता येतं?

गावानं ठरवूनच टाकलं, विरोधकांनी मारलं. मेंढरं राखणारा सटवा विरोधी गटाचा, गर्दीतही होता. त्याच्या घरात गावठी कट्टा सापडला आणि तो आठ महिने आत गेला. आण्णांचा जिवलग हनुमान रोज मोर्चा काढायचा, "सटवाला फाशी द्या!"

जीप कुणी धुतली नाही. आण्णांचा शेवटचा गुलाल म्हणून लोक तिला हार घालत. पोलिसही तिला हात लावायला कचरले. गोळी गर्दीत हरवली, असं लिहून मोकळे झाले. शेवटी सटवाची बायको भिवराबाई वकिलाला म्हणाली, "सायब, येकदा ती जीप उचकून बघा की!"

आणि मी सापडले!

आज तपासणी करणाऱ्या बबिता मॅडम साक्षीला उभ्या आहेत. "हा कट्टा आतून गुळगुळीत आहे, त्यातून सुटलेल्या गोळीवर रेघा उमटत नाहीत. या गोळीवर नळीतल्या पिळाच्या सहा रेघा आहेत. सीटमधला तिचा मार्ग वरून खाली आहे. म्हणजे ती जेसीबीच्या बकेटमधून सुटली असावी. तालुक्यातली परवान्याची रिव्हॉल्व्हरं तपासली, रेघा एकाशीच जुळल्या."

त्यांनी बंद अहवाल उघडून नंबर वाचला. मागच्या बाकावरचा हनुमान उठला.

"माझंच हाय ते. आण्णा निवडून आले म्हणून हवेत गोळ्या उडवत हुतो. फुलं टाकताना बकेट कललं, माझा तोल गेलता. ती बी वरच गेली वाटलं, सायब..."

भिवराबाई वळली. "आठ म्हयने माज्या दारात फाशी मागत हुतास. आता कुणाला मागशील?"

सटवा पिंजऱ्यात हुंदके देऊन रडू लागला.

आता मला पाकिटात घालून लाखेनं बंद करतायत. जाता जाता हात जोडून सांगते, गुलाल उधळा, पेढे वाटा, पण तुमच्या आनंदात मला बोलावू नका.