कोर्टात गेलेली दिनदर्शिका

मित्रांनो, मी एक जुनी दिनदर्शिका आहे. कारेगावात मला सगळे कॅलेंडरच म्हणतात, पण तुमच्याशी बोलताना मराठी नाव सांगावंसं वाटतं.

करुणाने मला खोलीच्या आत नाही, दाराबाहेरच्या खिळ्यावर टांगलं. ती कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होती. दुपारी तीनला सुट्टी. पण ठेकेदाराने थांबवलं की रात्रीचे अकरा वाजायचे, तोवर तिची मुलगी शेजारी थांबायची. त्या तारखेवर ती दुसऱ्या दिवशी ‘डबल’ लिहायची. सोबत थांबलेल्या मैत्रिणींची अक्षरंही लिहायची. ‘मा’ म्हणजे माया, ‘सु’ म्हणजे सुवर्णा. न्हावरे गावचे हौसराव संध्याकाळी पाचला दूध घालायचे आणि माझ्यावर जाड पेन्सिलीने ‘एक लिटर’ लिहायचे. दार बंद दिसलं की ‘कुलूप’ लिहून पुढे जायचे.

वर्ष संपलं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. ऑगस्टचं पान तर मुलीच्या वहीचं कव्हर झालं. मला वाईट वाटलं, पण आम्हा दिनदर्शिकांच्या नशिबी हेच असतं.

ठेकेदाराने मात्र डबल ड्युटीचा एक पैसा दिला नाही. “तीननंतर कुणी थांबतच नव्हतं,” असं त्याने तोंड वर करून सांगितलं. करुणा हातावर हात धरून बसली नाही. तिने दावा लावला, मला माळ्यावरून काढलं आणि वहीचं कव्हरही अलगद सोडवून आणलं.

दोन वर्षं ती पुण्याच्या कोर्टात खेटे घालत होती. प्रत्येक तारखेला कामाचा एक खाडा पडायचा, तरी ती चुकली नाही. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

शेवटी ठेकेदाराच्या वकिलांनी मला हातात घेतलं. “हे सगळं घरी बसून मागाहून लिहिलंय.”

“माझं आक्षर मी लिवलं, साहेब,” करुणा म्हणाली. “पण ‘कुलूप’ कुणी लिवलं?”

मग हौसराव साक्षीला उभे राहिले. त्या दिवसाचं दूध त्यांनी शेजाऱ्यावर सोपवलं होतं.

“दुधावरनं भांडान नगं म्हणून मी लिवायचो.”

“ही बाई तेव्हा कंपनीत होती, हे तुम्हाला कसं ठाऊक?” ठेकेदाराच्या वकिलांनी विचारलं.

“ते मला न्हाई ठावं. पाचला घरी नव्हती, एवढंच मला म्हाईत हाय.”

एक शब्द वाढवून बोलले नाहीत. म्हणूनच तर कोर्टाचा त्यांच्यावर विश्वास बसला. जिथे ‘डबल’, तिथे ‘कुलूप’. त्रेसष्ट तारखा अचूक जुळल्या. करुणाचे पैसे व्याजासह देण्याचा हुकूम झाला.

करुणाच्या वकीलबाई म्हणाल्या, “अर्ज केला तर कॅलेंडर परत मिळेल.” खोटं कशाला बोलू, मला घरी जायचं होतं.

करुणा म्हणाली, “नगं ताई. मायाची आन् सुवर्णाची केस आजून चालू हाय. ऱ्हाऊ द्या तिथंच.”

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी कामावर जात असेल, तर त्यांच्या कामाच्या तारखा लिहून ठेवा. जुनी पानं फाडण्याआधी एकदा वाचून बघा. माझी काळजी करू नका. येत्या मंगळवारी माया आणि सुवर्णाची तारीख आहे. त्या दिवशी मला पुन्हा उघडतील.